जड म्हणजे नुसतं जड

काकांची आणि माझी ओळख माझ्या जेवणाच्या डब्यामुळे झाली. कशेळीच्या गोदामात मी कॉम्प्युटरवर लागले, त्या पहिल्याच दिवशी दुपारी जेवायला बसले होते. पांढरा शर्ट नीट खोचलेला, साठी उलटलेला एक गृहस्थ समोर येऊन उभा राहिला. नाव नाही, गाव नाही. त्यांनी माझा स्टीलचा डबा उचलला, मधल्या बोटाच्या पेराने त्याच्यावर दोनदा टकटक केलं, मान कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "डबा तुझ्या पोरांनाही पुरेल. झाकण ठीक. कडी मात्र सहा महिन्यांत जाणार." आणि निघून गेले. माझं तर लग्नसुद्धा व्हायचं होतं. कडी पाचव्या महिन्यात तुटली. मी ती मुद्दाम नेऊन दाखवली, तर म्हणाले, "एक महिना आधी? तू आपटतेस."

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी एका विक्षिप्त म्हाताऱ्याची नुसती टिंगल करतेय. आयुष्यभराची कमाई म्हणून काकांजवळ एकच गोष्ट होती. कुठली वस्तू किती टिकेल हे आपल्याला कळतं, हा विश्वास. तो एकदा पार गेला, आणि तो माझ्यामुळे गेला. ते लिहिल्याशिवाय त्यांच्याबद्दल बाकी काही लिहायचा मला हक्क नाही.

काका भिवंडीच्या जुन्या आळीतले. वडील कचेरीत कारकून, काका शाळेत प्रयोगशाळा सहायक. घराच्या भिंतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. जेवताना, अभ्यास करताना, झोपताना सतत खटखट. बाकीच्यांना त्या आवाजाने कमी ऐकू यायला लागतं, काकांना उलट जास्त ऐकू यायला लागलं. आठवीत असताना म्हणे त्यांनी खिडकीतून ओरडून जॉबरला, म्हणजे लूमची दुरुस्ती बघणाऱ्या माणसाला, सांगितलं होतं की तिसऱ्या लूममध्ये काहीतरी ढिलं झालंय. जॉबर हसला. दुपारी तिसरा लूम बंद पडला. ही हकिगत मी त्यांच्या तोंडून निदान पंधरा वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी लूमचा नंबर वेगळा असायचा.

शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून ते गोदामात आले. आमच्याकडे लोकांनी फोनवरून मागवलेल्या वस्तू पॅक होऊन घरोघर जातात. त्यातल्या काही तुटून परत येतात. तुटून आलेली वस्तू कुठे तुटली, कशाने तुटली, आमच्याकडे की ट्रकमध्ये की गिऱ्हाइकाच्या घरी, हे ठरवायचं काम काकांचं. त्या टेबलाला सगळे तुटफूट म्हणत. "आज तुटफूट पे मत जा, चाचा गरम है," असं लोडर एकमेकांना बजावत. उत्तरेकडच्या त्या लोडरांनी काकांचं नाव टकटक चाचा ठेवलं होतं. काकांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

लोकांना मजबुती कळत नाही, हे काकांचं आवडतं दुःख. त्यावर ते जेवणाची अख्खी सुट्टी बोलू शकत. "अगं, माणूस बादली घ्यायला जातो. काय करतो? उचलून बघतो. जड लागली की खूश. अरे, जड म्हणजे नुसतं जड! त्यात मजबूत कुठून आलं? संगमरवर जड असतो, टाक बघू खाली. जाड काच दिसली की लोक तिच्यावर गरम पातेलं ठेवतात. जाड काच गरमीने आधी तडकते, पातळ राहते. आणि सूप? हलकं, वाकडंतिकडं, दोन रुपयांचं दिसतं. वीस वर्षं दाणे पाखडतंय. त्याला कोणी विचारतं का?" एवढं बोलून ते समोरच्या माणसाच्या पाण्याच्या बाटलीला टकटक करत आणि खिन्न होत.

सोमवारी नवीन लोडर आले की काका त्यांचा वर्ग घेत. हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. टेबलावर एक फरशीचा तुकडा, एक स्टीलचा पेला, एक चिनी मातीचा जाडजूड मग, एक प्लॅस्टिकचा पातळ डबा आणि एक कोंबडीचं अंडं मांडून ठेवायचे. "यातलं सगळ्यात नाजूक काय?" सगळे एका सुरात अंडा म्हणायचे. मग त्यातला सगळ्यात धिप्पाड गडी निवडून त्याच्या तळव्यात अंडं उभं धरायला लावायचे, दोन्ही टोकांकडून दाबायला सांगायचे. गडी दात-ओठ खायचा, मान लाल व्हायची, अंडं काही फुटायचं नाही. एकदा फुटलं. त्या गड्याच्या बोटात अंगठी होती. काकांच्या शर्टावर पिवळं उडालं, सगळं गोदाम हसलं. त्यानंतर वर्ग सुरू करताना त्यांचं पहिलं वाक्य असायचं, "अंगूठी निकालो."

एकदा त्यांनी फारच केलं. आमच्याकडे खोक्यावर 'काच, सावकाश' अशी लाल चिठ्ठी लावतात. काकांना बघायचं होतं की लोडरचा हात नेमका कशाने हलका होतो, वस्तूने की चिठ्ठीने. म्हणून त्यांनी पंचवीस खोक्यांना ती चिठ्ठी लावली. आत होते टॉवेल. ती खोकी लोडरांनी तान्ह्या पोरासारखी उचलून ट्रकमध्ये सगळ्यात वर ठेवले. एकाही टॉवेलची घडी मोडली नाही. पण टॉवेल वर गेले म्हणून कपबशा खाली आल्या, आणि त्या कपबशांचं जे झालं त्याची तक्रार थेट वरपर्यंत पोचली. तेव्हाच्या मॅनेजरने काकांना बोलावून झापलं. काका बाहेर आले ते खुशीतच. मला म्हणाले, "बघितलंस? हाताला डोळे नसतात. आपण जे सांगतो ते हात ऐकतो."

माझ्या लग्नाला आले, तेव्हा हॉलमधल्या खुर्च्या ठोकत फिरले. चार खुर्च्या त्यांनी बाजूला काढल्या. हॉलचा माणूस भांडायला आला, पण तीन खुर्च्या त्याने आत नेऊन ठेवल्या. चौथीवर माझे चुलतसासरे जाऊन बसले, वजन शंभराच्या पुढे. काका अक्षता टाकल्यापासून पंगत उठेपर्यंत त्या खुर्चीसमोर बसून होते. जेवणाकडे लक्ष नाही, नवरानवरीकडे तर नाहीच. खुर्ची शेवटपर्यंत मोडली नाही. आहेर देताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आज नाही. पण ती जाणार."

त्यांच्या घरी मी दोन-चारदा गेले होते. काकू बारीक, हसऱ्या, जिभेला धार. माठाचे दिवस आले की आळीतले लोक काकांना बरोबर घेऊन जात. काका दहा माठ ठोकून अकरावा निवडत, आणि ज्याच्या घरी त्यांचा माठ त्याला वर्षभर चिंता नाही. काकू म्हणायच्या, "लग्नाला चाळीस वर्षं होतील. या घरात ह्यांनी ठोकून बघितली नाही अशी मी एकटीच. नशीब माझं." काका म्हणायचे, "ठोकायची गरजच नव्हती. बोलतेस तेव्हाच कळतं." आणि दोघं हसायची.

आम्हा सगळ्यांना काका म्हणजे कशानेही काही न होणारा माणूस वाटायचा. आवाज खणखणीत. मे महिन्यात नाक्यावर रिक्षातून उतरून गोदामापर्यंत चालत येत, डोक्यावर टोपी नाही. एकदा मालाने लादलेली पॅलेटची ट्रॉली त्यांच्या पायावरून गेली. आम्ही धावलो, तर म्हणाले, "चाक वाकलंय हिचं, आधी ते बघा." अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, पण तुटफूटचं टेबल एक दिवस बंद राहिलं नाही. असा माणूस. त्याला कशाचं काही लागत असेल हे आमच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या तर मुळीच नाही.

मग बिडाच्या तव्यांचा माल सुरू झाला. हल्ली शहरातल्या लोकांना पुन्हा बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेले, तवे लागतात. काळे, जड, लांब दांड्याचे. पॅकिंगला त्यांची वेगळी ओळ लावली आणि ती जयवंतीला दिली. जयवंती अंबाडी गावाच्या पुढच्या एका पाड्यावरची. पस्तिशीची, हाताला ताकदवान, बोलायला कमी. पहाटे जीपने यायची. नवरा मिळेल त्या दिवशी मजुरीला जायचा, थोरली मुलगी आश्रमशाळेत दहावीला. घर चालायचं ते जयवंतीच्या ड्युटीवर, दुसरं काही नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून तवे तुटून परत यायला लागले. फोटोत एकच दृश्य, दांडा एकीकडे, तवा दुसरीकडे. एक नाही, दोन नाही, पोत्याने यायला लागले. मॅनेजर मुलुंडचा, नवीन आलेला, वयाने माझ्याएवढाच. त्याने कुठल्या टेबलावरून हे तवे गेले ते माझ्याकडून काढून घेतलं. सगळे जयवंतीच्या टेबलाचे. कसे नसणार, तव्यांची ओळच तिची होती. पण त्याला ते पटेना.

"लोखंड कधी तुटतं का? किसी ने पटका है," तो म्हणाला. "राग काढते ही सामानावर. शनिवारपर्यंत हिशोब करा, तिला कामावरून थांबवा."

जयवंती टेबलापाशी उभी राहून एवढंच म्हणाली, "मी न्हाय आपटला. एक बी न्हाय."

काकांना हे कळलं तेव्हा ते तुटफूटवरून उठून थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "साहेब, हे लोखंड नाही, बीड आहे. भिवंडीत बसून बीड तुटत नाही म्हणता? बाहेर कुठल्याही जॉबरला विचारा. लूमचा सांगाडा बिडाचा, त्याच्यावर हातोडा चुकून लागला तरी टिचतो. लोखंड वाकतं. बीड वाकत नाही, सरळ मोडतं. जड आहे म्हणून तुम्हाला मजबूत वाटतंय. ती बाई काही आपटत नाही. कंबरेच्या उंचीवरून निसटला तरी जाईल तो. मी दाखवतो."

"दाखवा," मॅनेजर म्हणाला. "पण नाही तुटला तर?"

"तुटणार," काका म्हणाले.

दुपारच्या सुट्टीत सगळे जमले. लोडर, पॅकिंगच्या बायका, गेटवरचा वॉचमनसुद्धा. काकांनी एक कोरा तवा घेतला, टकटक केलं, ऐकलं, मान हलवली. कंबरेच्या उंचीवर आडवा धरला आणि सोडला. असा मोठा आवाज झाला की दोन बायकांनी कानांवर हात ठेवले. तवा थरथरला आणि पडून राहिला. अख्खा. काकांनी उचलून पुन्हा ठोकलं, पुन्हा सोडला. पुन्हा तोच आवाज, पुन्हा अख्खा. तिसऱ्यांदा त्यांनी छातीच्या उंचीवरून सोडला. काही नाही. मॅनेजर हसला नाही, पण हसू दाबतोय हे दिसत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "चाचा, अंगूठी निकालो." काकांच्या कपाळावर घाम आला होता. चौथ्यांदा त्यांनी तवा उचलला. मला त्यांच्याकडे बघवेना. आणि शेजारी जयवंती, जिची नोकरी त्या तव्याच्या तुटण्यावर अडकली होती.

"काका, आसा न्हाय," तीच पुढे झाली. "आमी आडवा न्हाय ठेवत. पेटीत उबा ठेवताव."

तिने पॅकिंगचं खोकं आणलं, तवा कागदात गुंडाळला, दांडा खाली करून खोक्यात उभा बसवला, वरून टेप मारली. आमच्याकडे पॅक झालेलं खोकं घसरगुंडीवरून खाली ट्रकच्या बाजूला जातं. घसरगुंडी संपते तिथून जमीन गुडघाभर खाली. जयवंतीने ते खोकं तेवढ्याच उंचीवर धरलं आणि सोडलं. आवाज फारसा झालाच नाही. एक बारीक 'टक' ऐकू आलं. तिने टेप फाडली. तवा एकीकडे, दांडा दुसरीकडे. सगळा भार दांड्याच्या मुळावर आला होता.

मग मॅनेजरने विचारलं, "उभा ठेवायला कोणी सांगितलं?"

जयवंतीने भिंतीकडे बोट केलं. तिथे पॅकिंगचे नियम लावले होते, खाली काकांची सही. काका भिंतीपाशी गेले. खिशातून चष्मा काढला, लावला, वाचायला लागले. खूप वेळ वाचत होते. 'काच, ताटं, बशा, फरश्या व तवे खोक्यात उभे ठेवावेत.' नियम बरोबरच होता म्हणा. ताट आडवं ठेवलं तर वरच्या वजनाने तडकतं, उभं ठेवलं तर तग धरतं, हे काकांनीच आम्हाला शिकवलेलं. तव्याला मात्र दांडा असतो.

काकांनी चष्मा काढला. "मी सांगितलं," ते म्हणाले. "सही माझी आहे. हिची काही चूक नाही."

आता माझी गोष्ट. काकांनी नियम तोंडी सांगितले होते आणि मी टाइप केले होते. ते म्हणाले होते, काच, ताटं, बशा, फरश्या. बस. त्याच आठवड्यात तव्यांचा माल यायला लागला होता. मला वाटलं, काका विसरले, तवाही गोल आणि सपाटच, ताटासारखा. यादी पुरी करावी म्हणून 'व तवे' मी घातलं. काकांनी चष्म्याशिवाय सही केली, कारण टाइप मी केलं होतं आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता. त्या दुपारी मी त्यांच्यापासून दहा पावलांवर उभी होते. तोंड उघडायचं होतं, एवढंच. मी उघडलं नाही. मॅनेजरने विचारलं असतं, तर सांगितलं असतं असं मी स्वतःला पुढे कितीदा सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. नवऱ्याची कंपनी नुकतीच बंद पडली होती आणि मला दिवस गेले होते. पण त्याहून मोठं कारण वेगळंच होतं. मला वाटलं, काकांना काय होतंय. ते उद्या मॅनेजरलाच बादलीवर भाषण देतील.

जयवंतीची नोकरी राहिली. तवे आडवे जायला लागले, तुटायचे थांबले. काकांना पहिल्या तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. वय झालंच होतं, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवला. माझ्या टेबलावरच्या कशालाही त्यांनी बोट लावलं नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी ते लक्षातून काढून टाकलं.

जवळजवळ वर्षाने काकूंचा फोन आला. माझी मुलगी तेव्हा सात-आठ महिन्यांची. "बाळाला घेऊन येऊन जा एकदा," त्या म्हणाल्या. "ह्यांचं काहीतरी बिघडलंय. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. अगं, यंदा माठ आणायला मला पाठवलं. म्हणाले, दुकानदार देईल तो घेऊन ये. मी आणला. गळतोय. आळीतले दोघं-तिघं बोलवायला आले, त्यांनाही परत पाठवलं."

मी त्या रविवारी गेले. काका खुर्चीत बसले होते. बाळाला मांडीवर घेतलं, छान बोलले, पण आवाज बसका. मी खेळणं आणलं होतं, लाकडाचा खुळखुळा. त्यांनी तो हातात घेतला, जरा वेळ धरला आणि तसाच बाळाच्या हातात दिला. काकू आत गेल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. एका दमात, खाली बघून.

काका म्हणाले, "परत सांग. मी काय काय सांगितलं होतं? शब्द सांग."

"काच, ताटं, बशा, फरश्या."

"तवे?"

"नाही. ते मी घातले."

ते बाळासकट उठले. गॅलरीपर्यंत गेले, परत आले. आणि ओरडले. इतक्या मोठ्याने की काकू पिठाच्या हाताने बाहेर आल्या. "वर्षभर! वर्षभर मी रोज आठवतोय, मी तवे कसे म्हणालो! मला वाटलं माझे कान गेले, डोकं गेलं. तीनदा टाकला, तुटला नाही. वर सही माझीच. माठ आणायला मी हिला पाठवलं. हिला!"

"मला काय झालंय?" काकू म्हणाल्या.

"तू गप्प बस, तुला माठातलं काही कळत नाही," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. बाळ त्यांच्या आवाजाने रडायला लागलं, मीही रडायला लागले. "अगं पोरी, माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?" ते म्हणाले. "सांगायचं नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला काही होणार नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "का? मी मोठ्याने बोलतो म्हणून?"

त्यांनी बाळाला थोपटून शांत केलं. काकूंनी चहा आणला. काकांचा राग फार वेळ टिकत नसे, त्या दिवशी जरा जास्त टिकला, एवढंच. अर्धा कप झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिला सांगितलंस?"

"कोणाला?"

"जिची नोकरी चालली होती तिला."

"नाही."

"मग आधी इथे कशाला आलीस?" ते म्हणाले. मॅनेजरचं त्यांनी नावही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी सुरू होताच मी पॅकिंगला गेले. जयवंती एकटीच तव्याच्या ओळीला होती, टेप मारत होती. बाकीच्या यायच्या होत्या. मी तिच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. काकांना सांगताना झाला नव्हता एवढा त्रास झाला. तिने टेपचा रोल खाली ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हाइत हाय, ताई," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोन कशाला सांगल? तुमीच. कागद लावला त्या दिशी तुमीच आमाला वाचून दाखवलाव. तव्याचा नाव आला आन् तुमी हसलाव. म्हनलाव, ह्यो मी घातला, काका इसरलेले."

मला ते आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. पण ती म्हणाली आणि मला माझं ते हसणं दिसलं.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? तुझी नोकरी जात होती."

"माजी ऱ्हायली ना. मंग तुमची कशाला घालवू? पोट व्हता तुमचा." तिने पुढचा तवा उचलला, कागदात गुंडाळला, आडवा ठेवला. "आमाला वाटला, सांगाल तुमी. आमी सगल्या वाट बघत व्हताव. दोन दिसात सांगाल, चार दिसात सांगाल. वरीस लावलाव."